दोन सिलिंडर

मिडलविचच्या बोटयार्डात, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
क्रेनच्या साखळीला लटकून आमचं इंजिन वर आलं.
दोन सिलिंडरचं, हिरवं;
निदान कधीकाळी हिरवं.
खालून काळं तेल ठिबकत होतं
आणि नेव्हिल टोपी काढून उभा.
म्हटलं, अरे, थंडी आहे, घाल ती डोक्यात.
त्याला ऐकू गेलं नाही.

तसंही फारसं जात नाही आता.
तेहेतीस वर्षं बसडेपोत इंजिनांखाली काढली,
कान तिथंच राहिले, पेन्शन तेवढी घरी आली.
पण बोटीवर कानांवाचून अडलं नाही कधी.
सुकाणूपाशी उभा राहायचा, झिजल्या तळव्यांचे बूट घालून,
आणि पोलादातून चढणारी धडधड
पायांनी ऐकायचा.
"मागचं सिलिंडर रुसलंय," म्हणायचा मधेच.
आणि ते खरंच रुसलेलं असायचं.

घर विकलं त्याला अकरा वर्षं झाली.
लेक म्हणाली होती,
सात फूट रुंदीच्या डब्यात तुम्ही दोघं
महिन्याभरात एकमेकांचा गळा धराल.
धरला की.
पण रुसून जायचं तर जाणार किती लांब?
बोटीच्या नाकाशी जाऊन बसावं,
तर जरा वेळानं चहाचा कप
छपरावरून सरकत सरकत येतो.

नव्या इंजिनाला पैसे होते,
बाजूला काढलेले, दोघांच्या शेवटच्या खर्चाचे:
पेटी, फुलं, सँडविचं, ऑर्गन वाजवणाऱ्याचं पाकीट.
रात्रभर आकडे मांडले, खोडले.
पहाटे मीच म्हटलं,
मढं काही कुणी घरात ठेवून घेत नाही,
उचलतीलच कुणीतरी.
हे मात्र त्याला पहिल्या फटक्यात ऐकू गेलं.
हसला, स्टोव्हवरची किटली थरथरेपर्यंत.

इंजिन गेलं, खाली खड्डा उरला,
घोटाभर काळ्या पाण्याचा.
पालथी पडून उपसला मी, आधी डब्यानं, मग स्पंजानं.
चष्म्याची एक काच निघाली,
आधीच्या मालकाचा दाढीचा ब्रश,
आणि दहाचा पाना,
ज्याच्यावरून आम्ही एका उन्हाळ्यात
सोळा लॉकं बोललो नव्हतो.
मी तो पुसला
आणि काही न बोलता त्याच्या पेटीत ठेवला.
कालव्यातही नाही टाकला, याची नोंद असावी.

इंजिन बसवायला आली केझाया, चोविशीची पोर,
कोपरापर्यंत ग्रीस, कानात मुंग्यांएवढ्या बाळ्या.
शाफ्टची रेघ जुळवायला दोन दिवस.
कागदाहून पातळ पट्टी फटीत सरकवायची,
नाही म्हणून मान हलवायची,
बोल्ट पाव आटा.
पुन्हा पट्टी.
नेव्हिल शेजारी उकिडवा,
तिनं हात पसरायच्या आत
नेमक्या मापाचा पाना तिच्या तळहातावर.
दोन दिवसांत दोघं वीस शब्दही बोलले नसतील.
इतका खूश मी त्याला लेकीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

शुक्रवारी किल्ली फिरवली.
तो वाट पाहत राहिला.
मग पुन्हा फिरवायला गेला,
केझाया किंचाळली, मी मनगट धरलं:
चालू आहे रे, केव्हाचं चालू आहे.
त्यानं खाली पाहिलं,
पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसं.

त्या रात्री बूट काढून
अनवाणी उभा होता मागच्या डेकवर,
उणे दोन तापमानात.
मी दिवा लावला नाही.

आता मी त्याच्या मागे उभी राहते.
बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग जास्त झाला
की त्याच्या पाठीवर बोटांनी वाजवते,
तो हात मागे घेतो, लाट निवते,
खिडकीतलं कुणीतरी हात हलवतं.
चुकून जोरात वाजवलं तर म्हणतो, कळलं, कळलं.

इंजिन गुणाचं आहे. डिझेल कमी पितं.
तीन सिलिंडर, आणि एकही रुसत नाही.
तेवढं मग
मलाच करावं लागतं.